राकेलातला धातू

सोमवारी सकाळी गिरणीच्या फाटकावर ताराचंदवर हल्ला झाला. आधी दोन्ही पायांवर लोखंडी सळ्या पडल्या आणि तो खाली कोसळल्यावर कोणीतरी पोटात चाकू घातला. संपाचा तो एक्केचाळिसावा दिवस होता. एक युनियन कामावर जायचं म्हणत होती, दुसरी फाटक अडवून बसली होती. ताराचंद फाटक अडवणाऱ्यांतला. त्याचा मोठा भाऊ भैय्याजी हा त्या युनियनचा दांडगा माणूस. भाषण करायला पुढारी होते, पण मारामारी निघाली की लोक भैय्याजीकडे बघत. १९७९ सालचा ऑगस्ट होता आणि नागपुरातली ती सगळी वस्ती गिरणीच्या पगारावर जगत होती.

मंगळवारी दुपारी भैय्याजी सात माणसं घेऊन शाळेत आला.

शाळा गिरणीच्या मागच्या भिंतीला लागूनच होती. सातवी आणि आठवीला विज्ञान शिकवायला प्रेमिलाबाई होत्या. वय तेहतीस. मूळच्या कुहीकडच्या. छप्पन साली त्यांचे वडील देवाजी त्यांना घेऊन कुहीहून पायी नागपूरला आले होते. दीक्षा घेतली आणि परतीच्या वाटेवर दहा वर्षांच्या मुलीला म्हणाले, "आता तू शिकाचं. थांबाचं नाही." ती शिकली. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि या शाळेत लागली. लग्न केलं नाही. शाळेजवळच एक खोली घेऊन राहत होती.

वर्गाच्या भिंतीवर बाईंनी मुलांकडून आवर्तसारणी लावून घेतली होती. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चौकोनी कापून एकशे तीन चौकोन केले होते. प्रत्येकावर एका मूलद्रव्याचं नाव, त्याची खूण आणि अणुक्रमांक. त्या दिवशी बाई डावीकडून उजवीकडे सरकत क्लोरीनपर्यंत आल्या होत्या.

"याच्या शेवटच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन आहेत," त्या सांगत होत्या. "आठ झाले की अणू शांत होतो. म्हणजे याला किती कमी पडतात?"

"एक!" वर्ग ओरडला.

"म्हणून हा कायम ओढायला बसलेला असतो. समोर जो येईल त्याचा एक ओढून घेतो."

दुसऱ्या बाकावर शामला बसली होती. भैय्याजीची मुलगी, तेरा वर्षांची. काका दवाखान्यात मरणाच्या दारात असताना आईनं तिला शाळेत पाठवलं होतं, कारण घरात तलवारींना धार लावणं चाललं होतं.

फाटकावर आरडाओरडा झाला. शिपाई गणपतराव कोणाला तरी अडवत होते. "शाळा चालू आहे गा, पोट्टे आहेत आत," एवढं ऐकू आलं आणि मग लाकूड डोक्यावर बसल्याचा आवाज आला. बाई दारात गेल्या. गणपतराव फाटकाजवळ बसले होते. कपाळातून निघालेलं रक्त डोळ्यात जात होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांना ओलांडून माणसं व्हरांड्यात चढत होती. दोघांच्या हातात तलवारी होत्या, एकाच्या खांद्यावर पोतं होतं. पोत्यात काच खुळखुळत होती.

भैय्याजीनं वर्गासमोर येऊन हात जोडले. खरोखरच जोडले.

"बाई, तुमाले तरास द्याचा नाही. पोट्ट्यांले कोणी हात नाही लावणार. तेजाब पाह्यजे."

पोत्यात विजेचे जुने बल्ब होते, हे बाईंना तेव्हा कळलं. बल्बच्या मागचा भाग फोडून त्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, भरतात आणि लांबून फेकतात. कुठे कुठे दंगलीत तसं झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. माणसाच्या चेहऱ्यावर तो फुटला की काय होतं, हेही ऐकलं होतं.

"नाही मिळणार," त्या म्हणाल्या.

"माया भावाचे पाय पाह्यले काय तुमी? हाडं बाहेर आले आहेत. डॉक्टर म्हणते, रात निघाली तं निघाली."

"मला वाईट वाटतं, भैय्याजी. पण ते मुलांना शिकवायला आहे."

"चावी द्या."

"चावी हेडमास्तरांकडे आहे. ते ऑफिसात गेलेत."

हे खोटं होतं. चावी त्यांच्या पदराच्या गाठीला होती आणि भैय्याजीनं ती पाहिली. त्यानं पदराला हात घालण्याआधी बाई मागे फिरल्या, वर्गातून धावत गेल्या आणि पलीकडच्या छोट्या खोलीत शिरून त्यांनी आतून कडी घातली. जाताना ओरडल्या, "सगळे मागच्या दारानं विहिरीकडे जा! पळा!"

ती खोली म्हणजेच प्रयोगशाळा होती. एक कपाट, एक टेबल आणि कोपऱ्यात सिमेंटचं टाकं. सकाळी नळ आला की गणपतराव ते भरून ठेवत. कपाटात गंधकाच्या तेजाबाची अर्धी बाटली होती, मिठाच्या तेजाबाची एक भरलेली. टाक्याशेजारी लोखंडी ड्रमात भिजवलेला चुना होता. शाळेला रंग द्यायला उन्हाळ्यात आणलेला, उरलेला.

दारावर पहिली लाथ बसली.

तेजाब चुन्यात ओतलं की मरतं, हे त्यांना माहीत होतं. पण ते थेंबाथेंबानं ओतायचं असतं, लांब उभं राहून, ढवळत. एवढा वेळ नव्हता. त्यांनी गंधकाच्या तेजाबाचं बूच काढलं, तोंड वळवलं आणि बाटली ड्रमात उपडी केली. चुना उकळला. फसफसत, फुत्कारत ड्रमाच्या काठापर्यंत आला आणि त्याचे शिंतोडे त्यांच्या दोन्ही हातांवर उडाले. जिथे उडाले तिथे कातडी आधी पांढरी पडली, मग लाल. त्या ओरडल्या, पण बाटली सोडली नाही. दुसरी ओतताना वाफेनं घसा बंद झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दाराची वरची फळी तुटून आत आली होती.

दार पडलं तेव्हा दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या.

भैय्याजीनं ड्रमात पाहिलं. पांढरा चिखल अजून बुडबुडत होता. त्यात तेजाब असेल म्हणून त्यानं बोटं घातली आणि चटका बसून मागे ओढली. मग तो बाईंकडे वळला. मघाशी हात जोडणारा माणूस आता तिथे नव्हता.

"कोणाच्या बाजूची आहे तू? त्याह्यचे पैसे खाल्ले काय?"

"कोणाच्याच बाजूची नाही."

त्यानं एकाच्या हातातली लोखंडी सळई घेतली. बाईंनी तोंडावर डावा हात धरला. पहिला घाव कोपराखाली बसला आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. दुसरा खांद्यावर बसला. त्या कपाटाला टेकून खाली घसरल्या. तिसऱ्यासाठी त्यानं सळई वर नेली, पण भाजलेली बोटं मिटेनात. सळई खाली पडली. शिव्या देत तो टाक्याकडे गेला आणि हात पाण्यात बुडवून उभा राहिला.

बाकीचे कपाट फोडत होते. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे, जे हाताला लागेल ते जमिनीवर आपटत होते. त्यांच्यातला सर्वांत लहान बळीराम नावाचा बावीस वर्षांचा पोरगा होता. गैरहजर कामगाराच्या जागी, बदलीवर काम करायचा. ताराचंदनंच त्याला गिरणीत लावलं होतं. कपाटाच्या खालच्या खणातून त्यानं रुंद तोंडाची एक जाड काचेची बरणी काढली. आत पिवळसर तेलात बुडालेले राखाडी तुकडे होते, गुळाच्या खड्यांएवढे. चिठ्ठी केव्हाच गळून गेली होती. त्यानं झाकण उघडून वास घेतला.

"मातीचं तेल आहे गा यात."

"आन् ते तुकडे कायचे?" भैय्याजीनं टाक्यापासूनच विचारलं.

बळीराम बाईंकडे वळला. वाकून बरणी त्यांच्या तोंडासमोर धरली. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"बाई, हे काय आहे?"

तो सोडियम होता. जूनमध्ये बाईंनी हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा चिमट्यानं परातभर पाण्यात सोडला होता. तो सुंईऽ करत पाण्यावर पळत सुटला होता, शेवटी पेटला होता, आणि मुलं बाकांवर चढून टाळ्या वाजवत होती. तेव्हा त्यांनी समजावलं होतं: याच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, एकटा, आणि तो टाकून द्यायची याला घाई असते. पाणी भेटलं की तो टाकतो. त्यातून वायू निघतो, उष्णता निघते, वायू पेटतो. हवेतल्या दमटपणापासूनही वाचवावं लागतं म्हणून तो राकेलात ठेवतात. बरणीत पाव किलो तरी होता.

हे सगळं सांगायची गरज नव्हती. "पाणी लावू नको" एवढे तीन शब्द पुरे होते.

बाईंनी त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"काही नाही बोलत," बळीराम म्हणाला.

"मातीचं तेल आहे तं पाण्यात टाक," भैय्याजी म्हणाला. "कोणाची बिडी पडली तं आपुनच जळू."

बळीराम टाक्याकडे निघाला. चार पावलं होती. बाईंनी ती मोजली नाहीत, पण नंतर कितीतरी वर्षं त्या ती मोजत राहिल्या. त्याच वेळी मोडलेल्या दारात शामला आली. सगळी मुलं विहिरीकडे पळाली होती, ती परत फिरली होती. तिनं बरणी पाहिली, टाकं पाहिलं, टाक्यावर वाकलेला बाप पाहिला.

"बाबा, मागं व्हा! तो सोडियम आहे! पाण्यात नका टाकू, बाबा!"

भैय्याजी तिच्या आवाजाकडे वळला आणि एक पाऊल दारापाशी आला. बळीरामनं मात्र बरणी सोडली होती.

पहिल्या क्षणी नुसता पांढरा धूर निघाला. मग टाकं फुटलं. आवाज गिरणीच्या पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला. लोकांना वाटलं, बाँब पडला. सिमेंटचे तुकडे कौलं फोडून वर गेले, पेटलेले तुकडे भिंतींवर आदळून परत उडाले. भैय्याजीची पाठ आणि मानेची उजवी बाजू भाजली. बळीराम टाक्यासमोर उभा होता. सगळं त्याच्या तोंडावर आलं.

तो ओरडत होता तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. दोन्ही मुठींनी डोळे चोळत भिंतींवर आपटत होता. तलवारवाले केव्हाच पळाले होते. एक जण मात्र टाक्याच्या उरलेल्या तळातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्याकडे धावला.

तेव्हा कुठे बाईंना कंठ फुटला.

"ते पाणी नको! ते पाणीही जाळतं आता! शामला, विहिरीचं आण! आधी अंगावरचे तुकडे कोरड्या फडक्यानं झाडा, मग पाणी ओता, डोळ्यांत ओता, थांबू नका!"

शामला धावली. विहिरीवर जमलेल्या मुलांनी रांग केली. बादल्या हातोहात आल्या. भैय्याजीनं भाजलेल्या हातांनी बळीरामचं डोकं मांडीवर दाबून धरलं, शामलानं त्याच्या पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि पाणी ओतत राहिली. अर्धा तास, पोलीस येईपर्यंत. बाई भिंतीला टेकून सांगत होत्या, "अजून. अजून ओत." त्यांचा हात कोपराखालून उलट्या दिशेला लोंबत होता.

ताराचंद बुधवारी पहाटे गेला. त्याच संध्याकाळी भैय्याजीच्या माणसांनी पलीकडच्या युनियनच्या दोघांना चौकात गाठलं. एकाचा मनगटापासून पंजा तुटला, दुसरा रस्त्यातच मेला. तेजाब मिळालं नाही म्हणून काही थांबलं नव्हतं. बाईंना हे दवाखान्यात कळलं, हाताचं ऑपरेशन झाल्यावर. बळीराम त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर होता. त्याचा उजवा डोळा काढावा लागला. डावा राहिला, पण त्यावर दुधासारखी पांढरी साय आली. डॉक्टर म्हणाले, कायमची.

महिन्याभरानं बाई शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत शामला त्यांच्याजवळ आली. तिचा बाप तुरुंगात होता. तिची आई तिला मामाच्या गावी, नरखेडकडे न्यायच्या तयारीत होती.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"बळीरामभाऊनं तुमाले विचारलं होतं न, हे काय आहे म्हणून? मी दाराच्या बाहेरच होती. मले आयकू आलं." तिनं बाईंच्या हाताकडे पाहिलं. "तुमचा हात लय दुखत होता, म्हणून तुमाले बोलता नाही आलं न?"

तिनं बाईंना सुटायची वाट ठेवली होती. बाईंना फक्त मान हलवायची होती.

"बोलता येत होतं," बाई म्हणाल्या.

शामला एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "माया बाबा टाक्यापाशी होता."

"हो."

"मी नसती आली तं?"

शामला वर्गात गेली, दप्तर उचललं आणि सुट्टी संपायच्या आधीच घरी निघून गेली. पुढच्या आठवड्यात तिचा दाखला काढून नेला. तो न्यायला तिची आई आली होती. बाईंना ती भेटली नाही.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. बाईंनी पाहिलं ते सगळं सांगितलं: गणपतरावांचं डोकं, सळई, मोडलेलं दार. भैय्याजी समोर उभा होता, मानेवरची कातडी सुरकुतलेली. त्याच्या वकिलानं शेवटी विचारलं, "बरणीत काय आहे हे आपल्याला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"पाण्यात टाकल्यावर काय होईल, तेही?"

"हो."

"आपण आरोपीच्या माणसांना सावध केलं?"

सरकारी वकील उठले, साक्षीदार जखमी होती वगैरे बोलू लागले. बाईंनी त्यांचं होऊ दिलं.

"नाही केलं," त्या म्हणाल्या. "त्या मुलानं मला सरळ विचारलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

कोर्टात एकदम गलका झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. भैय्याजीला दोन वर्षं झाली. लोक म्हणाले, बाई गप्प राहिल्या असत्या तर पाच झाली असती. शाळेच्या संस्थेनं बाईंकडून खुलासा मागवला. गणपतराव म्हणाले, "काहून सांगितलं बाई तुमी? कोनं पाह्यलं होतं?" सहकारी शिक्षकांनी डब्याला बोलावणं बंद केलं. देवाजी कुहीहून आले, मुलीच्या वाकड्या जुळलेल्या हातावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "कोर्टात सांगतलं, बरं केलं. पण ज्याचे डोळे गेले त्याले सांगतलं काय?"

सांगितलं नव्हतं.

बळीरामची आई अंजनाबाई संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायचं काम करायची. त्यांची खोली गिरणीच्या चाळीत शेवटची. एका रविवारी सकाळी बाई तिथे गेल्या. अंजनाबाई दारात भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं.

"मी प्रेमिला. शाळेतली."

"माहीत आहे."

"मी सांगायला आले की त्या दिवशी तुमच्या मुलानं..."

अंजनाबाईनं हातातला राखेनं माखलेला तांब्या फेकला. तो बाईंच्या कपाळाला लागला. दुसऱ्यांदा तिनं पातेलं फेकलं. मग उठून तिनं त्यांना झिंज्यांना धरलं, चाळभर लोक बाहेर आले, आणि ती मारत राहिली, तोंडावर, छातीवर, त्या मोडलेल्या हातावर. बाईंनी हात वर केला नाही. शेजारणींनी ओढून बाजूला केलं तेव्हा अंजनाबाई धापा टाकत होती. "मायं लेकरू विचारत होतं वं तुले! विचारत होतं!"

आतून आवाज आला. "कोण आहे वं माय?"

अंजनाबाई तांब्या उचलायला वाकली.

"शाळेतली बाई आहे काय? येऊ दे त्याह्यले."

खोलीत अंधार होता. बळीराम खाटेवर बसला होता. चेहरा एका बाजूनं ओढल्यासारखा आकसला होता. बाई जमिनीवर बसल्या. कपाळाचं रक्त पदरानं दाबून धरलं.

"मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता. वाटलं, होऊ दे."

बळीरामनं चेहरा त्यांच्या आवाजाकडे वळवला. मग म्हणाला, "थे मले समजलं. कोर्टातलं सांगितलं लोकायनं. मले दुसरं विचाराचं आहे. एक वर्स झालं, मी विचारून राहिलो. डॉक्टरले विचारलं, पोलिसाले विचारलं. कोणी म्हणते बाँब होता, कोणी म्हणते बंदुकीची दारू. बाई, त्या बरणीत होतं काय? मातीच्या तेलाचा तं वास होता. मंग पाण्यात पेटलं कसं?"

तो चौथीत शाळा सोडलेला माणूस. बाई खाटेजवळ सरकल्या. मग त्यांनी त्याचा हात मागितला, त्याच्या तळहातावर बोटानं एक टिंब काढलं आणि म्हणाल्या, "कोणतीही वस्तू घे. तोडत तोडत गेलास, तर शेवटी जो बारीकसा कण उरतो, ज्याच्यात त्या वस्तूचा गुण असतो, तो अणू. डोळ्यांना दिसत नाही. कोणालाच दिसत नाही."

"डोळेवाल्यायलेही?"

"त्यांनाही."

त्यांनी टिंबाभोवती बोटानं एक गोल काढला. दोन इलेक्ट्रॉन. त्याबाहेर दुसरा, आठ. त्याबाहेर तिसरा, आणि त्यावर एकच बोट टेकवलं. तो हात स्थिर धरून ऐकत होता. मध्येच थांबवून विचारायचा, "एक काहून? आन् आठ भरले का मंग कोणाशीच भांडत नाही थो?" बाहेर अंजनाबाईनं भांडी पुन्हा घासायला घेतली होती. जोरजोरात.

तासाभरानं तो म्हणाला, "आन् माया डोळ्यातही अणूच होते?"

"हो."

"थे गेले कुठं?"

"अणू जात नाहीत. दुसऱ्यांशी जोडले जातात."

"मंग मले दिसत काहून नाही?"

याचं उत्तर बाईंजवळ होतं, पण पूर्ण नव्हतं, आणि जे होतं ते त्याला सांगवेना. त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते. वाचून येते."

त्या पुढच्या रविवारी गेल्या, त्याच्या पुढच्याही. दिवाळीपर्यंत बळीरामला पहिली वीस मूलद्रव्यं क्रमानं पाठ झाली. नंतर तो अंधांच्या कार्यशाळेत खुर्च्या विणायला जाऊ लागला, तरी रविवार सुटला नाही. अंजनाबाई बाईंशी एक शब्द बोलली नाही. त्या आल्या की ती उठून बाहेर दारात जाऊन बसायची, आणि त्या जाईपर्यंत आत यायची नाही.